ताट, बशी आणि पेशी

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या ५८ वर्षांच्या मोठ्या भावाला फुप्फुसाचा कर्करोग आहे आणि गेले चार महिने दर तीन आठवड्यांनी त्याला इम्युनोथेरपीचं औषध शिरेतून दिलं जातंय. भावाच्या मुलाने वडिलांचा आहार स्वतःच्या हाती घेतला आहे. साखर आणि सगळे पिष्टमय पदार्थ बंद, प्रत्येक डोसच्या आधी दोन दिवस फक्त पाणी, शिवाय ‘प्रतिकारशक्तीसाठी’ ग्लुटामाइन या अमिनो आम्लाची पावडर, झिंकच्या गोळ्या आणि प्रोबायोटिक कॅप्सूल. गाठ साखरेवर जगते, साखर तोडली की गाठ मरेल, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी तो ओटो वॉरबर्ग या शास्त्रज्ञाचा आणि त्याच्या नोबेलचा दाखला देतो. बाईंनी नेमकं उलट वाचलंय: गाठीशी लढणाऱ्या टी-पेशींनाही ग्लुकोजच लागतं. म्हणून भाचा कामावर गेला की त्या भावाला गुपचूप ग्लुकोजचं पाणी पाजतात. वहिनी दोघांच्या कात्रीत सापडल्या आहेत. भावाचं वजन ६८ किलोवरून ६२ वर आलंय. मागच्या आठवड्यात त्याने चमचाभर गोड मागितलं आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. बाई विचारतात: “आम्हा दोघांपैकी कुणाचं विज्ञान खरं? आणि भाच्याला कसं पटवू?”

प्रिय आत्याबाई,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून भाच्याच्या नात्याने हाक मारते. राग नसावा.

तुम्हा दोघांचंही वाचन बरोबर आहे. निष्कर्ष मात्र दोघांचाही चुकलाय, आणि गंमत म्हणजे एकाच जागी चुकलाय. ताटात जे पडतं तेच गाठीजवळच्या पेशीला मिळतं, असं दोघांनी गृहीत धरलंय. तो नळ बंद करायला निघालाय, तुम्ही सोडायला. पण असा सरळ नळच नाही.

आधी वॉरबर्ग. त्याला १९३१ मध्ये नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनात काम करणाऱ्या विकराच्या शोधासाठी, कर्करोगासाठी नव्हे. भाच्याला हे सांगून काही जिंकता येणार नाही, कारण वॉरबर्गचं कर्कपेशींबद्दलचं निरीक्षण खरंच होतं. १९२०च्या दशकात त्याला दिसलं की ऑक्सिजन हाताशी असतानाही या पेशी ग्लुकोज पुरतं जाळत नाहीत. अर्धवट वापरून त्याचं लॅक्टेट करून बाहेर टाकतात. एका ग्लुकोजमधून पूर्ण ज्वलनाने ऊर्जेची साधारण तीस नाणी मिळतात, या घाईच्या वाटेने फक्त दोन. ही उधळपट्टी वाटते. पण ज्या पेशीला भराभर दुप्पट व्हायचंय तिला ऊर्जेइतकाच बांधकामाचा मालही हवा असतो, आणि तो याच वाटेवर मिळतो.

आता तुमच्या बाजूचं. हीच सवय टी-पेशींनाही असते. विश्रांतीतली टी-पेशी काटकसरी असते. मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांत, सावकाश इंधन जाळत ती रक्तातून, लसीका ग्रंथींतून गस्त घालते. शत्रूची ओळख पटली आणि सोबत दुसरा होकाराचा इशाराही मिळाला, की तिचा सगळा कारभार पालटतो. ग्लुकोज आत ओढणारी दारं पेशीच्या पृष्ठभागावर येतात, एमटॉर नावाचं प्रथिन ‘माल आहे, वाढा’ असा हुकूम देतं आणि पेशी दिवसातून दोन-तीनदा दुभागू लागते. लढाई संपली की बहुतेक पेशी मरतात. ज्या स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात त्या पुन्हा काटकसरीकडे वळतात आणि मेदाम्लांवर भर देतात. लढाई आवरती घेणाऱ्या, म्हणजे नियामक टी-पेशींचा स्वभाव आणखी वेगळा. त्यांचं मेदावर भागतं, आणि गाठीतल्या लॅक्टेटवरसुद्धा, ज्याने लढाऊ पेशी ढेपाळतात. जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींचं तर काय सांगावं! आर्जिनिन हे एकच अमिनो आम्ल. एका मनःस्थितीत त्या त्याचं नायट्रिक ऑक्साइड करून जंतूंवर सोडतात, दुसऱ्या मनःस्थितीत तेच जखम भरण्याच्या कामी लावतात.

तुम्ही शिकवायला उभ्या राहिलात तर या एका परिच्छेदाचे चार तास सहज होतील. भाच्यासाठी त्यातली एकच गोष्ट पुरेशी आहे: साखर अधाशासारखी वापरणं ही कर्कपेशीची खासियत नाही. त्याला वडिलांचा पेट स्कॅन आठवत असेल. किरणोत्सर्गी ग्लुकोज टोचतात आणि ते जिथे शोषलं जातं ती जागा उजळते. पण जंतुसंसर्ग झालेली, सुजलेली, लढाईत गुंतलेली लसीका ग्रंथीही तशीच उजळते. म्हणून तर रिपोर्ट वाचायला तज्ज्ञ लागतो.

तुम्ही जे वाचलंत ते बहुधा २०१५ सालच्या उंदरांवरच्या दोन अभ्यासांवर आधारलेलं असावं. गाठ आसपासचं ग्लुकोज शोषून घेते आणि शेजारच्या टी-पेशी उपाशी राहून दुबळ्या होतात, असं त्यांत दिसलं होतं. चित्र इतकं चटकन पटणारं होतं की ते सगळीकडे पसरलं. पुढे २०२१ मध्ये दुसऱ्या एका गटाने उंदरांच्या गाठीतल्या पेशी प्रकारवार वेगळ्या करून कोण किती उचलतं ते मोजलं. एकेका पेशीचा हिशोब केला तर ग्लुकोजचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक भक्षक पेशींच्या गोतातल्या पेशी निघाल्या, म्हणजे शरीराच्याच. कर्कपेशींचा ओढा ग्लुटामाइनकडे जास्त होता.

ग्लुटामाइन. तुमच्या भाच्याने डब्यात आणून ठेवलेली तीच पावडर. ‘गाठीचं आवडतं अन्न तोडा’ हा त्याचाच नियम लावला तर पहिला तो डबा बाहेर जायला हवा. पण हे त्याच्या तोंडावर मारू नका. तोंडाने घेतलेलं बरंचसं ग्लुटामाइन आतड्याच्या आणि यकृताच्या पेशीच वापरून टाकतात, गाठीपर्यंत फारसं पोचत नाही. म्हणजे डब्याने गाठ पोसली जाते असंही नाही आणि टी-पेशी बळकट होतात असंही नाही. मात्र ‘जास्त दिलं तर निदान नुकसान तरी नाही’ हेही खरं नाही. २०१३ साली अतिदक्षता विभागातल्या, एकाहून अधिक अवयव निकामी झालेल्या १,२२३ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. ज्यांना जादा ग्लुटामाइन दिलं होतं त्यांच्यात मृत्यू कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. तुमचे दादा त्या अवस्थेत नाहीत. पण टी-पेशींना ग्लुटामाइन लागतं हे पाठ्यपुस्तकातलं सत्य रुग्णाच्या खाटेपाशी कसं उलटू शकतं, ते यातून दिसतं.

आता तो नसलेला नळ. रक्तात एका वेळी एकूण ग्लुकोज किती असतं याचा कधी हिशोब केलाय? मोठ्या माणसाचं रक्त पाचेक लिटर, दर १०० मिलिलिटरमागे ९० मिलिग्रॅम. गुणाकार साडेचार ग्रॅमच्या आसपास येतो. एक चहाचा चमचा! मेंदू एकटाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम वापरतो, तरी तो चमचा रिकामा होत नाही आणि उतूही जात नाही, कारण यकृत सतत भर घालतं आणि इन्सुलिन सतत आवर घालतं. भाच्याने ताटातली साखर बंद केली की यकृत आपला साठा सोडतं. तो साधारण एका दिवसात संपतो. मग स्नायूंतली प्रथिनं मोडून त्यांच्या अमिनो आम्लांपासून ग्लुकोज बनवलं जातं. गाठीच्या दारातून जाणाऱ्या रक्तात साखर असतेच, फक्त तिची किंमत स्नायू मोजतात. आणि तुम्ही पाजलेलं ग्लुकोजचं पाणी? काही काळ आकडा वर जातो, इन्सुलिन ते स्नायू, यकृत आणि चरबीत नेऊन ठेवतं, चमचा पुन्हा चमच्याएवढा. गाठीच्या आतल्या टी-पेशीची अडचण रक्तात साखर कमी असण्याची नसते. तिथल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात, शेजारी अधाशी असतात आणि भोवती लॅक्टेट साचलेलं असतं. रक्तातली साखर सतत चढलेली राहिली तर उलट जंतूंशी लढणाऱ्या पेशींचं काम बिघडतं. मधुमेह असलेल्यांना क्षयरोग होण्याचा धोका साधारण तिप्पट असतो तो उगीच नव्हे.

हा घोळ होतो कसा, याबद्दल थोडं. आपण वाचतो त्यातले पुष्कळ निष्कर्ष काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरचे असतात. मीही काही वर्षं अशा बशा सांभाळल्या आहेत. टी-पेशींसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पोषकद्रवात ग्लुकोज रक्ताच्या दुपटीहून जास्त असतं, आणि दुसऱ्या एका लोकप्रिय द्रवात तर पाचपट. बशीत यकृत नसतं, इन्सुलिन नसतं, भूकही नसते. आपण जे ओतू ते पेशीला मिळतं. तिथे ‘ग्लुकोज काढलं, टी-पेशी थंडावली’ हे खरं असतं. ताट म्हणजे बशी नव्हे, एवढंच आपण विसरतो.

आणखी एक गोष्ट तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली आहे. दादांना मिळणारं औषधच हे काम करतंय. इम्युनोथेरपीची बरीच औषधं टी-पेशीवरचा पीडी-१ नावाचा ब्रेक सोडवतात. (ब्रेक सोडवून उपचार करण्याच्या या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८चं नोबेल मिळालं. भाच्याला नोबेल हवंच असेल तर हे घ्या.) तो ब्रेक लागला की टी-पेशीची ग्लुकोज वापरण्याची यंत्रणा मंदावते. तुम्ही ज्यांवर विसंबलात त्या २०१५च्या अभ्यासांपैकी एकात, अशी औषधं दिल्यावर उंदरांच्या गाठीतल्या टी-पेशींची ग्लुकोज वापरायची ताकद परत आल्याचंही दिसलं होतं. पेशीपाशी पोचून तिथला शिधा बदलणं औषधाला जमतं, चमच्याला नाही.

उपवास हा सगळा वेडेपणा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. भाचा जे वाचतोय त्यात तथ्याचा अंश आहे. आजारी पडलं की भूक का मरते, याचा शोध येल विद्यापीठात रुस्लान मेझितोव्ह यांच्या गटाने उंदरांवर घेतला. २०१६ साली त्यांनी दाखवलं की एका जीवाणूच्या संसर्गात ग्लुकोज भरवलं तर उंदीर मरतात आणि उपाशी ठेवलं तर तगतात. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूत नेमकं उलट झालं, तिथे अन्नाने तारलं. उपाशीपणी काही प्रतिकारपेशी रक्तातून अस्थिमज्जेत जाऊन बसतात, हेही उंदरांत दिसलंय. स्मृतिपेशींच्या बाबतीत ते फायद्याचं ठरलं. पण २०२३च्या एका अभ्यासात दीर्घ उपवासानंतर अन्न मिळताच एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा लोंढा रक्तात परतला आणि त्या उंदरांना जीवाणूचा संसर्ग जास्त बाधला. उपवास हे एकच औषध नाही, तो कधी, कुणाला आणि कशाविरुद्ध यावर सगळं ठरतं.

माणसांतही चाचण्या झाल्या आहेत. नेदरलँड्समध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या १३१ स्त्रियांवर केमोथेरपीच्या वेळी उपवाससदृश आहाराची चाचणी झाली, २०२० मध्ये तिचे निकाल आले. गाठ आक्रसण्याच्या बाबतीत काही आशादायक खुणा होत्या, पण सगळी आवर्तनं पूर्ण करणं फार थोड्या जणींना जमलं. ते सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतं, आधीच कृश असलेल्यांना त्यात घेतलेलं नव्हतं, आणि तो आहार थोडा का होईना, आहारच होता, नुसतं पाणी नव्हे. इम्युनोथेरपीवर असलेल्या, वजन उतरत चाललेल्या माणसाला दोन दिवस पाण्यावर ठेवायला त्यातून काहीच आधार मिळत नाही.

कारण मला तुमच्या पत्रात खरी काळजी वाटली ती त्या दोन आकड्यांची, ६८ आणि ६२. कर्करोगात सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं तर डॉक्टर त्याला गंभीर खंगणं (कॅकेक्सिया) मानतात. दादांचं चार महिन्यांत जवळजवळ ९ टक्के गेलंय. अन्नाने प्रतिकारशक्ती बदलते का? नक्की बदलते, पण सगळ्यात ठळकपणे उणीव असताना. उपासमारीत टी-पेशी जिथे तयार होतात ती थायमस ग्रंथी आक्रसते, चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक घटतं आणि टी-पेशींचा जोर कमी होतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या दहा हजारांहून जास्त माणसांवर मोठी चाचणी झाली, २०२३ साली प्रसिद्ध झाली. ज्या घरांना पुरेसं धान्य, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं दिली तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. तिथे कुठलीही जादूची पावडर नव्हती, पोटभर खाणं होतं.

पुरेसं भरल्यावर वर ओतलेल्याची गोष्ट वेगळी. झिंकचंच घ्या. कमी पडलं तर प्रतिकारशक्ती ढासळते, पण महिनोन्‌महिने मोठ्या मात्रेत घेतलं तर तांबं शोषलं जात नाही आणि तांब्याअभावी नेमक्या न्यूट्रोफिल या लढाऊ पेशी घटतात. मोठ्या माणसासाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. भाच्याच्या बाटलीवरचा आकडा बघा. प्रोबायोटिकबद्दल: मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी इम्युनोथेरपी घेणाऱ्या रुग्णांच्या २०२१च्या एका अभ्यासात, आहारात तंतू (फायबर) भरपूर असलेल्यांचं बरं चाललेलं दिसलं, दुकानातल्या प्रोबायोटिकचा मात्र फायदा दिसला नाही. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून छातीठोक बोलू नये. पण पिष्टमय पदार्थ बंद करताना तंतूही बंद होतात, एवढं भाच्याच्या लक्षात आणून द्या.

आता करायचं काय.

पहिलं काम उद्याच: कर्करोगतज्ज्ञांना फोन करून घटलेलं वजन सांगा आणि सगळ्या पावडरी, गोळ्या, उपवास आणि तुमचं ग्लुकोजचं पाणी, काहीही न लपवता सांगा. वजन या आहारामुळेच उतरलंय असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नसेलही. सुटलेल्या ब्रेकमुळे टी-पेशी कधी कधी शरीराच्याच ग्रंथींवर उलटतात. थायरॉईड बिघडतं, मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी मंदावतात, आतड्याला सूज येते आणि क्वचित स्वादुपिंडावर हल्ला होऊन काही दिवसांत मधुमेह होतो. म्हणून रक्तातली साखर, थायरॉईड, कॉर्टिसॉल आणि क्षार तपासायला हवेत का, हे विचारा. खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, पोटदुखी, धाप, चक्कर किंवा न थांबणारे जुलाब यांपैकी काही असेल तर फोनवर थांबू नका, थेट रुग्णालयात न्या. उपवासाच्या दिवशी ही लक्षणं ‘उपवासामुळे होतंय’ म्हणून अंगावर काढली जातात, ही माझी सगळ्यात मोठी भीती.

तोवर पाण्यावरचे दोन दिवस आणि तुमचं गुपचूप पाणी, दोन्ही थांबवा. उपाशी, खंगलेल्या शरीरात एकदम भरपूर ग्लुकोज गेलं तर फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायकरीत्या खाली येऊ शकतात. तेव्हा खाणं वाढवायचं ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारून, पायरीपायरीने.

कर्करोगाच्या रुग्णांसाठी सर्वसाधारण मार्गदर्शन असं आहे: दिवसाला दर किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी आणि किमान १, जमल्यास दीड ग्रॅम प्रथिनं. ६२ किलोला १,५५० ते १,८६० कॅलरी आणि ६२ ते ९३ ग्रॅम प्रथिनं झाली. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे आकडे बदलतात, म्हणून आहारतज्ज्ञांची भेट मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी मागितल्याशिवाय मिळत नाही. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. आणि झेपेल तेवढं चालणं, हातापायांचे हलके व्यायाम, कारण नुसत्या प्रथिनांनी स्नायू टिकत नाहीत.

राहिला भाचा. त्याला ‘पटवू’ नका. वडिलांच्या आजारात ज्या एका गोष्टीवर त्याचा हात पोचतो ती म्हणजे ताट, आणि तेच तुम्ही त्याच्याकडून काढून घ्यायला निघालात तर तो आणखी घट्ट धरेल. त्याला दुसरं काम द्या. दर आठवड्याला एकाच वारी, एकाच काट्यावर वजन, रोजची प्रथिनांची नोंद, लक्षणांची वही, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी. तो आकडे वाचणारा मुलगा दिसतो. आणि ग्लुकोजच्या पाण्याबद्दल तुम्ही स्वतः त्याला सांगा, वहिनींच्या तोंडून कळू देऊ नका. तुमची चूक आधी कबूल झाली की त्याला त्याची मान्य करणं सोपं जाईल.

एक प्रश्न मात्र मला शेवटपर्यंत छळत राहिला. तुमच्या तीन पानी पत्रात भाचा काय म्हणतो, तुम्ही काय वाचलंत, वहिनी कशा रडल्या, सगळं आहे. दादांना काय खावंसं वाटतं हे एकदाच आलंय, चमचाभर गोड, आणि त्यावर त्यांना उत्तर मिळालं अबोल्याचं. त्यांच्या जिभेची चव गेली आहे का, गिळताना दुखतं का, मळमळतं का, कुणी विचारलंय?

साखरेचा रिपोर्ट ठीक आला तर तो चमचा त्यांना द्या. भाच्यासमोर, जेवणाच्या वेळी, सगळे बसलेले असताना.